गाडीची हवा सारखी उतरते? नेमकी किती भरायची आणि जाते कुठून, हे शोधायचा क्रम

आधी लक्षणं सांगतो. माझ्या दुकानात गाड्या येतात त्या या तक्रारी घेऊनच.

सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर आपोआप विझतो. दर रविवारी हवा भरली तरी पुढच्या रविवारी एक चाक बसलेलं दिसतं. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग जरा सैल धरलं की गाडी एका बाजूला ओढते. टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात आणि मधली नक्षी अजून चांगली आहे; किंवा उलट, मधोमध गोटा आणि कडा शाबूत. स्टेअरिंग जड लागतंय, पेट्रोल जास्त जातंय. लहानशा खड्ड्यातही गाडी धाडकन आदळतेय. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: "तीन ठिकाणी हवा बघितली, तिन्हीकडं आकडा वेगळा. खरा कुठला धरायचा?"

फुलेवाडीकडून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर मी बावीस वर्षं टायरचं काम करतोय. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी शोध दोनच गोष्टींचा असतो: गाडीला लागते तेवढी हवा भरली आहे का, आणि भरलेली हवा टिकते का. बहुतेक लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. हवा उतरली की भरायची, परत उतरली की परत भरायची, असं वर्षभर चालतं, आणि मग टायर बगलेतून, म्हणजे बाजूच्या भिंतीतून फुटतो. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्या दोन पायऱ्यांना पैसा लागत नाही, तिसरीला एकदाच थोडे पैसे लागतात. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्यांचं काम एवढ्यातच होतं.

आकडा दारावर बघा, टायरवर नाही

ड्रायव्हरचं दार उघडा. दार बंद झाल्यावर जिथं टेकतं, त्या खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. स्टिकर गेला असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तोच तक्ता सापडतो. त्यावर टायरचा साइज, पुढच्या चाकांची हवा आणि मागच्या चाकांची हवा छापलेली असते. बऱ्याच स्टिकरवर दोन रकाने असतात: एक दोन-तीन माणसं बसल्यावरचा, दुसरा गाडी माणसांनी आणि सामानानं भरल्यावरचा. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा बहुधा वाढलेला असतो. घरची सगळी माणसं आणि आठ दिवसांचं सामान घेऊन कोकणात निघताना हाच रकाना वाचायचा.

आकडा कधी पीएसआयमध्ये असतो, कधी बारमध्ये, कधी केपीएमध्ये; ही तिन्ही हवेच्या दाबाची मापं. १ बार म्हणजे १०० केपीए म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. म्हणजे २.३ बार, २३० केपीए आणि ३३ पीएसआय हे एकच समजा. आपल्याकडं कुणी 'पॉइंट' म्हणतं, कुणी 'पौंड' म्हणतं. बोलणाऱ्याला पीएसआयच म्हणायचं असतं.

आता चूक कुठं होते ते सांगतो. टायरच्या बगलेवरही इंग्रजीत 'मॅक्स प्रेस' असं लिहून पुढं एक आकडा असतो, बऱ्याचदा ४४ किंवा ५१. तो वाचून "कंपनीनंच लिहिलंय की" म्हणत तेवढी हवा भरून घेणारे मी दर महिन्याला बघतो. तो आकडा टायरची कमाल मर्यादा आहे. त्याच्या वर जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोच टायर एका लहान गाडीला बसतो आणि एका जड गाडीलाही बसतो. आपला टायर कुणाच्या गाडीला लागणार हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसतं. गाडीचं वजन पुढं किती आणि मागं किती, हे गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं. म्हणून हवेचा आकडा गाडीच्या स्टिकरवरचाच धरायचा.

दुसरी सवय, चारही चाकांत सरसकट ३५ मारायची. पंपावरच्या पोराला ते सोपं पडतं, पण तुमच्या गाडीला मागं ३० लागत असतील तर मागचे टायर टणक होतात, रस्त्याला कमी टेकतात. चालत्या गाडीचा एक टायर रस्त्याला साधारण हाताच्या पंजाएवढाच टेकलेला असतो. पावसाळ्यात करूळ घाट उतरताना ब्रेक मारला की सगळी मदार त्या चार पंजांवर असते.

हवा कमी पडली तर धोका याहून मोठा. टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते, तसंच. पुणे-बेंगळुरू हायवेवर भर दुपारी, गाडी भरलेली, वेग शंभराचा आणि हवा ३३ च्या जागी २२: आतले थर सुटायला एवढं पुरतं. फुटलेल्या टायरवर खिळ्याचं भोक शोधणारे लोक असतात, पण यात भोक नसतंच. टायर गरम होऊन गेलेला असतो.

तुम्ही टायरचा साइज बदलून मोठ्या डिस्क (टायर ज्यावर बसतो ते चाकाचं धातूचं कडं) घातल्या असतील तर स्टिकरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघून हिशेब करावा लागतो, आणि तो टायरच्या माहितगाराकडून करून घ्यावा.

टायर थंड असतानाच मोजा

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली. उत्तम वेळ सकाळची, ऊन चाकावर यायच्या आधीची. एका बाजूची चाकं उन्हात आणि दुसऱ्या बाजूची सावलीत असली तरी दोन्हीकडच्या आकड्यांत फरक पडतो.

हे का महत्त्वाचं आहे, त्याचं एक उदाहरण दर सुट्टीत घडतं. एक कुटुंब मालवणला निघालं होतं. दुपारी रस्त्यातल्या पंपावर थांबले, हवा बघितली. गेजवर ३८. पोरगं म्हणालं, "साहेब, जास्त हाय, सोडतो." सोडली, ३३ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणात गाडीचा दिवा लागला, तेव्हा त्यांनी मला फोन केला. थंड टायरमध्ये २८ होती. खरं म्हणजे आदल्या दिवशी हवा बरोबरच होती. टायर चालून गरम झाला की ४-५ पीएसआय चढतातच. ती चढलेली हवा सोडली की टायर थंड झाल्यावर तेवढीच कमी पडते. म्हणून गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही, गेज काहीही दाखवू दे.

पंप घरापासून लांब असेल तर काय करायचं? घरीच सकाळी मोजा आणि प्रत्येक चाकाची तूट कागदावर लिहा. समजा पुढचं डावं २९ आहे आणि पाहिजेत ३३, म्हणजे तूट ४. पंपावर पोचेपर्यंत तेच चाक गरम होऊन ३२ दाखवेल. त्या ३२ मध्ये ४ मिळवा, म्हणजे ३६ पर्यंत भरा. पंपवाला म्हणेल जास्त होतेय, होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, ३३ च्या आसपासच असेल.

गेज स्वतःचं ठेवा

मी टायरवाला असून सांगतो, माझ्या गेजवरही विसंबू नका. कंप्रेसरच्या नळीला लावलेलं गेज दिवसातून दहा वेळा जमिनीवर आपटतं, कुणाच्या तरी चाकाखाली येतं, उन्हापावसात राहतं. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावीच लागते, ती जरूर घ्या, पण आकडा स्वतःच्या गेजवर बघा. पाच-सातशे रुपयांत बरं गेज मिळतं आणि जपून वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

घरचं गेज एक-दीड पीएसआयनं चुकत असलं तरी ते दर वेळी बहुधा तेवढंच चुकतं. त्यामुळं मागच्या रविवारपेक्षा हवा कमी झाली का, याचं उत्तर बरोबर मिळतं. तीन पंपांची तीन गेजं तीन तऱ्हांनी चुकतात, मग हवा गेली की गेज चुकलं हेच कळत नाही. "तीन ठिकाणी तीन आकडे" या तक्रारीचं मूळ इथंच असतं.

मोजताना गेजचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ दाबायचं. तिरकं बसलं की फुस्स आवाज येत राहतो, हवाही जाते आणि आकडाही कमी दिसतो. आवाज बंद होईपर्यंत दाबा, वाचा, काढा, परत एकदा मोजा. दोनदा सारखा आकडा आला की लिहून ठेवा.

चारही उतरतात की एकच?

एक छोटी वही गाडीत ठेवा. चार रकाने करा: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. पहिल्या दिवशी सगळी चाकं स्टिकरप्रमाणं भरून घ्या. मग चार रविवार, त्याच वेळी, त्याच गेजनं मोजा आणि मध्ये हवा भरू नका. कुठलंही चाक ५ पीएसआयनं खाली आलं तर मात्र थांबू नका, भरा आणि भरल्याची नोंद करा. या वहीत जे दिसतं त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

चारही चाकं बरोबरीनं थोडी थोडी उतरत असतील तर गळती शोधू नका. रबरातून हवा झिरपतेच. महिन्याला १ ते २ पीएसआय जाणं हे नेहमीचं. म्हणून महिन्यातून एकदा तरी मोजायला पाहिजे. दुसरं कारण हवामान. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात ३६-३७ अंशांच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या १५ अंशांच्या पहाटे, एक कणही बाहेर न जाता, तीन-साडेतीन पीएसआयनं कमी दिसते. सकाळी लागून नंतर विझणारा पिवळा दिवा बहुतेक वेळा याच कारणानं लागतो: हवा काठावर असते, थंडीत रेषेखाली जाते, टायर तापला की वर येते. दिवा विझला म्हणून सोडून देऊ नका. हवा कमीच आहे, थंड टायरमध्ये भरून घ्या. दिवा लागायची पातळी बऱ्यापैकी खाली ठेवलेली असते. बऱ्याच गाड्यांत आकड्याच्या २०-२५ टक्के हवा गेल्यावरच तो लागतो. त्यामुळं दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं समजू नका.

घाट उतरून जाणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं भरलेली हवा समुद्रकाठी मोजली तर बाहेरचा दाब वाढल्यामुळं गेज साधारण १ पीएसआय कमी दाखवतं. तिकडं उकाडा जास्त असल्यामुळं ते बरंचसं भरून निघतं. त्यासाठी काही करायची गरज नाही.

नायट्रोजनबद्दल रोज विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नुसता नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, हे खरं. पण गळणाऱ्या व्हॉल्व्हमधून नायट्रोजनही गळतोच. आधी भरलेला असेल आणि रस्त्यात मिळत नसेल तर बिनधास्त साधी हवा मिसळा, काही बिघडत नाही. नायट्रोजन मिळेल तिथं भरू म्हणत कमी हवेवर साठ किलोमीटर जाणं मात्र चुकीचं. साध्या हवेत खरी काळजी ओलाव्याची असते. मी रोज सकाळी कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडतो, पावसाळ्यात तांब्याभर तरी पाणी निघतं. हे पाणी काढलं नाही तर ते गिऱ्हाइकाच्या टायरमध्ये जातं आणि लोखंडी डिस्क आतून गंजते. तुम्ही जिथं नेहमी हवा भरता, तिथं एकदा विचारून बघा.

हवा बरोबर भरली तरी दिवा विझत नसेल तर गाडीचं पुस्तक काढा. काही गाड्यांत चाकाच्या आत सेन्सर असतो, तो दाब मोजतो. काही गाड्यांत सेन्सर नसतोच. चाकं किती वेगानं फिरतात यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, आणि तेही चारही चाकं बरोबर भरून झाल्यावरच. हवा कमी असताना रीसेट केलं तर गाडी तीच हवा बरोबर धरून बसते.

एकच चाक उतरत असेल तर

आता खरी गळती. इथंही स्वस्त आणि सोप्यापासून सुरुवात करा. लागणारं सामान म्हणजे एका बाटलीत पाणी आणि भांड्यांचा साबण.

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह. टोपण काढा आणि तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब फुगला तर आतली पीन गळतेय. ही पीन वीस-तीस रुपयांत मिळते आणि चावीनं मिनिटात बदलते. कधी कधी नुसती सैल झालेली असते, पाव फेरा आवळली की गळती थांबते. टोपण नसेल तर आजच लावा. टोपण मुख्यतः धूळ-चिखल अडवतं. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर जी ओली माती पडते तिचा एक कण पीनच्या रबरावर बसला की पीन पूर्ण मिटत नाही. सेन्सरवाल्या गाडीच्या धातूच्या व्हॉल्व्हला शोभेची धातूची टोपणं लावू नका. ती गंजून अशी धरतात की काढताना व्हॉल्व्ह तुटतो. साधं प्लास्टिकचं टोपण चांगलं.

मग व्हॉल्व्हचं बूड. ही जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. कळंब्याकडचे एक निवृत्त गुरुजी. त्यांचं पुढचं उजवं चाक दर आठवड्याला ४ पीएसआय उतरायचं. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं पट्टी मारली होती, दुसऱ्यानं "टायरच बदला" म्हणून सांगितलं होतं. गुरुजींची वही मात्र चोख: ३३, २९, भरली ३३, २९, भरली ३३. बाकी तीन चाकं जागेवर. मी चाक काढून पाण्याच्या टाकीत धरलं, एक बुडबुडा नाही. मग व्हॉल्व्हला साबण लावला आणि बोटानं तो बाजूला वाकवला. बुडाशी रबर जिथं डिस्कमध्ये शिरतं तिथं केसाएवढी भेग उघडली आणि मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक यायला लागले. सोडला की बंद, वाकवला की चालू. गाडी पळताना चाक फिरतं तेव्हा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वाकतो, भेग उघडते. उभ्या गाडीत मिटते. गुरुजी वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे टायरचा काहीच दोष न्हवता?" न्हवता. रबरी व्हॉल्व्ह ऊन-पाण्यात कडक होतो. म्हणून टायर नवा घालताना व्हॉल्व्हही नवाच घालून घ्या. खर्च टायरच्या मानानं काहीच नाही.

तिसरी जागा, नक्षी. गाडी थोडी थोडी पुढं ढकलत पूर्ण टायर बघा आणि हात फिरवताना जपून, तार लागते. आपल्याकडं काय सापडतं हे ऋतूवर आहे. साखर कारखाने चालू असले की बैलाच्या पायातल्या पत्रीचे खिळे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्यांच्या टायरमध्ये लेथवरचा लोखंडी कीस आणि स्क्रू. खिळा दिसला तर उपटू नका. आत असेपर्यंत तोच भोक बुजवून बसलेला असतो, म्हणून हवा आठवडाभर पुरते. काढलात की दोन मिनिटांत चाक जमिनीला. हवा भरा आणि सावकाश दुकानापर्यंत या.

नक्षीच्या मधल्या भागातलं लहान भोक दुरुस्त होतं. बाहेरून मारलेली पट्टी रस्त्यातली अडचण भागवते. कायमचं काम म्हणजे टायर उतरवून, आतून घासून, आतल्या बाजूनं लावलेला छत्रीसारखा पॅच. टायर उतरवल्याशिवाय आत काय झालंय हे कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून वेळ मारून नेणारे असतात. गळणाऱ्या टायरवर हा उपाय करू नका. दोन रबरं एकमेकांवर घासून तापतात, आणि पंक्चर झालं की हवा सावकाश न जाता एकदम जाते.

चौथी जागा म्हणजे टायर आणि डिस्क जिथं भेटतात ती कड. इथं हवा रबराच्या नुसत्या दाबावर अडकलेली असते, दुसरं काही नसतं. त्या पट्ट्यावर गंज, माती किंवा जुन्या अ‍ॅलॉय डिस्कचा उडालेला रंग आला की हवा सावकाश जाते. कडेवर सगळीकडून साबणाचं पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. घाई केली तर दिसणार नाही. बारीक पांढरा फेस साचत गेला तर गळती तिथं.

२०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर माझ्याकडं सगळ्यात जास्त हेच काम आलं. पंचगंगेच्या पाण्यात चार-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या. लोकांनी इंजिन उघडून घेतलं, सीट धुऊन वाळवल्या, चाकांकडं बघितलंच नाही. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो कडेच्या फटीत जाऊन बसला होता आणि त्याखाली लोखंड गंजत होतं. तीन-चार महिन्यांनी एकेक चाक उतरायला लागलं. टायर उतरवला की डिस्कच्या कडेला तांबडा थर, बोटानं खरवडला की पापुद्रा निघायचा. तारेच्या ब्रशनं लोखंड उघडं पडेपर्यंत घासायचं, पुसायचं, कडेला सीलर लावायचं, नवा व्हॉल्व्ह घालायचा. चाकामागं अर्धा-पाऊण तास. तुमची गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल आणि चाकं तेव्हापासून उघडलेली नसतील, तर लक्षण दिसायची वाट बघू नका.

शेवटी डिस्क वाकलेली आहे का ते बघा. खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर दोन-तीन दिवसांत हवा उतरायला लागली तर शंका हीच. बाहेरची कड ठीक दिसते, वाकलेली असते आतली कड, ती गाडीखाली डोकावल्याशिवाय दिसत नाही. ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर शंका आणखी पक्की.

जाता जाता स्टेपनीही मोजा. लहान साइजच्या स्टेपनीची हवा वेगळी असते, काहींना ६० पीएसआय लागतात. तिच्यावरच आकडा आणि वेगाची मर्यादा लिहिलेली असते. दोन वर्षांत कुणी हात न लावलेली स्टेपनी आंबा घाटात रात्री काढायची वेळ आली तर तीही बसलेलीच निघते.

कुठं थांबायचं

इथपर्यंतचं तुम्ही घरी करू शकता. खालच्या गोष्टी दिसल्या तर हात लावू नका आणि गाडी चालवूही नका. स्टेपनी लावा किंवा टायरवाल्याला जागेवर बोलवा.

टायरच्या बगलेला फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्यात. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलायचाच. फुगा लहान आहे म्हणून पुण्याला जाऊन येतो म्हणणाऱ्याला मी हात जोडून थांबवतो. बगलेतलं किंवा खांद्यावरचं (नक्षी संपून बगल सुरू होते तिथलं) पंक्चर, आतल्या तारा-दोऱ्या दिसणारा काप, यालाही पट्टी चालत नाही. कुणी मारून देतो म्हणाला तरी घेऊ नका. बसलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालली असेल तर टायर उतरवून आतून बघितल्याशिवाय परत हवा भरू नका. आत काळी रबराची भुकटी पडलेली असली आणि बगलेवर गोल रेघ उमटलेली असली, तर तो टायर बाहेरून कितीही चांगला दिसू दे, तो संपला.

एका रात्रीत ५ पीएसआयपेक्षा जास्त जात असेल तर पोर्टेबल पंपानं रोज भरून दिवस ढकलू नका. अ‍ॅलॉयला चीर असेल तर वेल्डिंग करून देणारे भेटतील, मी स्वतः ते करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका. टायर डिस्कवर बसवायला पेट्रोल टाकून काडी ओढणारे लोक आहेत. तुमच्या गाडीला असं कुणी करायला लागलं तर गाडी घेऊन निघा.

नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात, बगलेवर त्यांच्या समोर 'टीडब्ल्यूआय' लिहिलेलं असतं. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलीमीटर उरली. ती आपल्याकडची कायद्यातली मर्यादा आहे, तिथं हवेची चर्चा संपते आणि टायर बदलायचा. बगलेवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असूनही बगलेवर बारीक भेगांचं जाळं पडलं असेल तर टायर दाखवून घ्या.

आणि चारही चाकांची हवा थंड असताना बरोबर करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा टायर एकाच कडेला झिजत असेल, तर दोष हवेचा नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते बघून घ्या. त्यानंही फरक पडला नाही तर सस्पेन्शन किंवा ब्रेक धरतोय का, हे मेकॅनिकचं काम.

दुकानात गेल्यावर नुसतं "पंक्चर बघा" म्हणू नका. वही दाखवा आणि सांगा: हे चाक, आठवड्याला एवढी हवा जाते, खिळा दिसत नाही, व्हॉल्व्ह वाकवून आणि कडेला साबण लावून बघा, लागलं तर टायर उतरवून आतून बघा. कारागिराचा वेळ वाचतो आणि उगाच पट्ट्या पडत नाहीत. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजनं मोजा, मग आठव्या दिवशी त्याच वेळी परत. दोन आकड्यांत १ पीएसआयच्या आत फरक असेल तर गळती बंद झाली. जास्त असेल तर त्याच दुकानात परत जा आणि तुमच्यासमोर चाक पाण्यात धरायला सांगा.